गोळ्या दुधाबरोबर घ्याव्यात

पनवेलच्या बाजारपेठेत त्या काळी बऱ्याच औषधांच्या दुकानांत फार्मासिस्ट भिंतीवर टांगलेला असायचा. म्हणजे त्याचं सर्टिफिकेट. माणूस स्वतः कुठल्या तरी कंपनीत नोकरी करायचा, दुकानदाराकडून सर्टिफिकेटचं भाडं घ्यायचा आणि काउंटरवर मालकाचा मेहुणा गोळ्या द्यायचा. माझ्या दुकानात मात्र सर्टिफिकेट वर आणि त्याच्याखाली मी, असे दोघेही सकाळी नऊपासून हजर. दुकान बंद करेपर्यंत सव्वीस वर्षं हा नेम चुकला नाही. त्याचा मला गर्व होता. ‘होता’ हे विचार करून लिहिलंय.

आमच्या खाडीकाठच्या गावात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. बाप मिठागरावर मीठ ओढायचा. त्याच्या टाचांच्या भेगा जन्मात भरल्या नाहीत, कारण मीठ त्या भरू देत नाही. मी बी. फार्म. झालो तेव्हा ते काय असतं हे गावात कुणालाच कळेना. शेवटी शेजारच्या धर्माकाकानं फोड करून सांगितलं, “वसंता डॉक्टर नाय. पन डॉक्टरचा कागुद वाचतो.” माझ्या धंद्याची याहून नेमकी व्याख्या मी पुढं कुठल्या पुस्तकात वाचली नाही.

आता या धर्माकाकाच्याच घरची गोष्ट लिहायची आहे. आजवर लिहिली नाही. ज्यांच्यासाठी गप्प राहिलो ती दोघं, काका आणि हिराकाकी, आता नाहीत.

आधी धंद्याबद्दल थोडं, म्हणजे पुढचं कळेल. गिऱ्हाइकांचं आणि अँटिबायोटिकचं नातं मोठं गमतीचं. एसटी स्टँडवरचा एक रिक्षावाला यायचा. सर्दी असो, पाठ दुखो, त्याचं एकच म्हणणं, “शेठ, दोन कडकवाल्या द्या.” मी विचारायचो, “दोनच का?” “दोनात माणूस उभा राहतो. तिसरी कशाला फुकट?” नवीन पनवेलातले एक निवृत्त साहेब याच्या उलट. उरलेल्या गोळ्या ते फ्रिजमध्ये जपून ठेवायचे आणि घरात कुणी शिंकलं की प्रसादासारख्या वाटायचे. मी दोघांनाही समजावत बसायचो. साध्या सर्दीवर ही गोळी चालत नाही, आणि जिथं चालते तिथं डॉक्टरनं लिहिलेले दिवस पुरे करावे लागतात. आमच्याकडे खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबंदिस्तीच्या बांधाला खांड पडलं की माणसं ते पुरतं बुजवूनच घरी जातात. अर्धं बुजवलं तर पुढच्या भरतीला खाडी तिथूनच शेतात शिरते, आणि जास्त जोरानं शिरते. अर्धवट मारलेले जंतू तसेच. हा दाखला मी रोज द्यायचो. साहेब म्हणायचे, “वा म्हात्रे, छान बोलता!” आणि उरलेल्या गोळ्या फ्रिजमध्ये ठेवायचे.

माणसं गोळ्या अर्ध्यात सोडायची त्याचं कारण बहुतेक एकच: ‘उष्ण पडतात’. तोंड आलं, पोटात जळजळ झाली, एखादा जुलाब झाला की गोळी उष्ण पडली आणि बंद. यावर मी एक उपाय काढला. तहसील कचेरीजवळच्या शिक्केवाल्याकडून एक रबरी शिक्का करून घेतला: ‘गोळ्या उष्ण आहेत. दुधाबरोबर घ्याव्यात.’ आजूबाजूच्या दुकानांत नुसतीच पट्टी कापून हातात द्यायचे. माझ्याकडे गोळ्या पाकिटात, पाकिटावर पेशंटचं नाव, निरक्षरांसाठी हातानं काढलेला उगवता सूर्य आणि मावळता सूर्य, आणि त्याखाली जांभळ्या शाईचा हा शिक्का. लोकांना फार आवडलं. दुधाबरोबर म्हटल्यावर औषधाला मान आला. खरोखरच जास्त माणसं कोर्स पुरा करायला लागली. डॉक्टरांनीही ती पाकिटं पाहिली. कोणी काही बोललं नाही.

एका औषधाला मात्र मी तो शिक्का मारत नसे. टेट्रासायक्लिन. ते दुधाबरोबर चालत नाही हे कॉलेजात शिकवलं होतं. परीक्षेत त्यावर प्रश्न आला होता आणि मी पानभर उत्तर लिहिलं होतं. म्हणजे दूध आणि औषध यांचं वाकडं असू शकतं हे मला ठाऊक होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण मला काहीच माहीत नव्हतं असं म्हणून सुटायची सोय मला नाही.

नव्वदच्या आसपास सिप्रोफ्लॉक्सासिन बाजारात आलं. या जातीला क्विनोलोन म्हणतात. नावाच्या शेवटी ‘फ्लॉक्सासिन’ दिसलं की ओळखायचं, त्याच घरचं. मी कॉलेजातून बाहेर पडलो तेव्हा हे औषध आमच्या पुस्तकात नव्हतं. टायफॉइडवरची जुनी कॅप्सूल तेव्हा कित्येकांना लागू पडेनाशी झाली होती, आणि ही नवी गोळी चार-पाच दिवसांत ताप उतरवायची. डॉक्टर तिच्यावर खूश. मीही. पट्टी कापली, पाकिटात घातली, शिक्का मारला.

कमल ही धर्माकाकाची धाकटी लेक. पनवेलच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. तिला कॉलेजात घालावं म्हणून मी काकाच्या ओटीवर तीनदा जाऊन बसलो होतो. गावातली दुसरी ग्रॅज्युएट ती होणार, हे मी तिच्यापेक्षा जास्त लोकांना सांगितलं होतं. कॉलेज सुटलं की एसटीची वेळ होईपर्यंत ती दुकानात स्टुलावर बसायची, माझी पाकिटं पाहायची आणि नावं ठेवायची.

“दादा, हा सूर्य हाय का भाकरी?”

“सूर्य आहे.”

“भाकरी असंल तर दोन काढ. मला भूक लागलीय.”

त्या वर्षी तिला आठ दिवस ताप राहिला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, टायफॉइड निघाला. सिप्रोफ्लॉक्सासिन, सकाळ-संध्याकाळ, दोन आठवडे. काका कागद घेऊन माझ्याकडेच आला. दुसरीकडे जाणार कुठं? मी पाकिटावर कमलचं नाव लिहिलं, दोन सूर्य काढले, शिक्का मारला. आणि घरचीच पोर म्हणून जास्तीचं केलं. पित्तावरच्या गुलाबी औषधाची बाटली दिली. म्हटलं, “दर गोळीबरोबर हे दोन झाकणं द्या. पोट थंड राहील.”

धर्माकाकाच्या घरात माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांनी शेजारून म्हशीचं दूध लावलं. सकाळी पेलाभर, संध्याकाळी पेलाभर, त्याबरोबर गोळी, वर गुलाबी औषध. एक वेळ चुकली नाही.

चौथ्या दिवशी मी गावी गेलो. ताप तसाच होता. कमल भिंतीकडे तोंड करून पडली होती. माझा आवाज ऐकून वळली. ओठ सुकलेले.

“दादा, दुदाची लय शिसारी येते रे. उलटून पडतं. नुसत्या पान्याबरोबर घेऊ का गोळी?”

“नाही. पाकिटावर लिहिलंय तसंच घ्यायचं.”

“एक दिवस तरी.”

“शिकलेली ना तू? मग अडाण्यासारखं काय बोलतेस? अशानंच औषध लागू पडत नाही.”

ती हसली, म्हणजे हसायचा प्रयत्न केला. “बरं. तुजी भाकरी, तुजा सूर्य.” आणि परत भिंतीकडे वळली.

सहाव्या दिवशी डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. आमच्या जुन्या पनवेलातले भले डॉक्टर. नाव लिहीत नाही.

“म्हात्रे, रागवू नका. पण त्या गोळ्या अस्सल आहेत ना? एव्हाना ताप उतरायला हवा होता.”

मी रागावलोच. म्हणालो, “डॉक्टर, माझ्या दुकानात डुप्लिकेट माल शिरत नाही. बाकीच्यांची चौकशी करा.”

“चौकशी नाही हो, विचारतोय. दोन-तीन दिवस बघू, नाहीतर ॲडमिट करून सलाइनमधून द्यावं लागेल.”

त्यांनी विचारलेला प्रश्न जवळजवळ बरोबर होता. गोळी पोटात गेल्यावर तिचं काय होतंय, एवढंच कुणीतरी विचारायला हवं होतं. पण मी अपमान उगाळत बसलो. दुसऱ्या होलसेलरकडून त्याच गोळीची नवी पट्टी आणली, नव्या पाकिटात घातली, त्यावर तोच शिक्का मारला आणि काकाच्या हाती दिली. म्हटलं, “आता बघ.”

नवव्या दिवशीही ताप होता. मग मी ठरवलं की माल अस्सल असल्याचा पुरावाच डॉक्टरांपुढं टाकायचा. कंपनीच्या मोठ्या खोक्यात एक घडी घातलेला कागद येतो, बारीक अक्षरांत छापलेला. त्यावर कंपनीचं नाव, परवाना, सगळं असतं. कागद तलम असतो. मी त्यानं चष्मा पुसायचो. वाचला कधीच नव्हता. त्या दिवशी परवाना कुठं छापलाय ते शोधायला दुपारी काउंटरवर उलगडला, आणि शोधता शोधता मधल्या एका ओळीवर बोट थांबलं. ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेल्या पित्ताच्या औषधांबरोबर हे औषध देऊ नये, रक्तात फारच कमी उतरतं. दुधाबद्दलही तिथंच होतं.

सोप्या भाषेत सांगतो. ही गोळी चुन्याच्या, लोखंडाच्या, ॲल्युमिनियमच्या अंशाला चिकटून बसते. दुधात चुन्याचा अंश, पित्ताच्या औषधात ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम, बायकांच्या रक्तवाढीच्या गोळ्यांत लोखंड. दोन्ही एकत्र पोटात गेली की त्यांची गाठ बसते, आणि ती गाठ आतड्यातून रक्तात जात नाही. आली तशी बाहेर जाते. दूध थोडं अडवतं; पित्ताचं गुलाबी औषध जवळजवळ सगळंच अडवतं. म्हणून ही गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, आणि असलं काही घ्यायचंच असेल तर गोळीनंतर निदान दोन तासांनी.

कमलला मी नऊ दिवस गोळ्या दिल्या होत्या आणि तिच्या रक्तात जेमतेम काही पोचलं होतं. आणि हे कुणामुळं? रिक्षावाला स्टँडवरच्या नळाच्या पाण्याबरोबर गोळी गिळायचा, तो बरा व्हायचा. माझं न ऐकणारी माणसं बरी झाली होती. अक्षरन्‌अक्षर ऐकणारं घर एकच होतं.

मी शटर ओढलं आणि स्कूटरनं गाव गाठलं. काकी दारातच होती. म्हणाली, “वसंता, आज कसा काय?”

इथं खरं बोलायला हवं होतं. तोंडातून निघालं ते असं: “काकी, नवीन माल आलाय. ह्या गोळ्या पाण्याबरोबर घ्यायच्या. दूध बंद. ते गुलाबी औषधही बंद.”

“गोळ्या तर त्याच दिसतात.”

“दिसतात. पण वेगळ्या आहेत.”

आतून कमलचा आवाज आला, बारीक. “सुटले बाबा.”

डॉक्टरांना मात्र जाऊन सांगितलं. ते म्हणाले, “पाकीट मीही पाहत होतो, म्हात्रे.” एवढंच. पुढं म्हणाले, “दोन दिवसांत उतरेल आता.”

आणि खरोखर उतरला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकीनं पोरीला घाम आलेला पाहिला. तिसऱ्या दिवशी ताप जवळजवळ नाही. काका दुकानात येऊन सांगून गेला, “तुजा नवा माल लागू पडला.” मला तो पेढा देत होता. मी घेतला.

त्याच रात्री कमलचं पोट दुखायला लागलं. पहाटेपर्यंत पोट फळीसारखं कडक. लांबलेल्या टायफॉइडमध्ये आतडं पातळ होतं आणि फुटू शकतं, ताप उतरत असतानाही. तिला जीपमधून मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. ऑपरेशन झालं. चार दिवसांनी ती गेली.

पुढं डॉक्टर मला म्हणाले होते, “वेळेवर औषध मिळूनही कधीकधी असं होतं. तुमच्यामुळंच झालं असं खात्रीनं म्हणता येणार नाही.” ते खरं आहे. पण पाणी सुरू केल्यावर दोन दिवसांत उतरलेला ताप मी पाहिला होता. तोही खराच होता.

दहाव्याला काकानं मला पुढं बसवलं. आलेल्या माणसांना सांगत होता, “ह्यानं लय केला पोरीसाठी. दोनदा गोळी बदलून दिली.”

त्यानंतर मी शिक्का खणात टाकला आणि दुकानातल्या प्रत्येक औषधाचा तो तलम कागद वाचायला लागलो. शब्दकोश घेऊन, परीक्षेला बसल्यासारखा. त्याचा उपयोग झाला, हेही लिहायला हवं. बाजारात लाकडाच्या वखारीचे म्हातारे मालक होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. एकदा सिप्रोफ्लॉक्सासिनचा कागद घेऊन आले. मला आठवलं, चाचा दम्यासाठी थिओफिलिनची गोळी माझ्याकडूनच नेतात. ही दोन एकत्र आली की दम्याचं औषध अंगात साठत जातं, छाती धडधडते, झटके येऊ शकतात.

“चाचा, थांबा. मी डॉक्टरांना विचारतो.”

“अरे, दम्याची गोळी मी पंधरा वर्षं खातोय म्हात्रेसाब. अल्लाच्या मेहेरबानीनं कधी काही झालं नाही.”

“दुसरी नव्हती ना तेव्हा सोबत.”

डॉक्टरांनी औषध बदललं. चाचांनी साऱ्या बाजाराला सांगितलं, “दुकानदार हवा तर असा. पढालिखा आहे.” लोक कौतुक करायचे. मला वाटायचं, हे शिकायची फी कुणी भरली ते यांना माहीत नाही.

सात-आठ वर्षं गेली. हिराकाकी सुकापूरला मोठ्या लेकाकडं राहायला आली होती. काका गावीच, घर सोडायला तयार नाही. एका दुपारी तिच्या सुनेचा फोन आला.

“भाऊजी, जरा येता का? आईंना लघवीचं इन्फेक्शन झालंय, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. इथला केमिस्ट सांगतो पाण्याबरोबर घ्या आणि ह्या ऐकत नाहीत. तुमचंच नाव सांगतायत.”

मी गेलो. काकी पलंगावर मांडी घालून बसलेली. समोर दुधाचा पेला, बाजूला पट्टी. पाहिलं तर नाव त्याच घरचं, शेवटी ‘फ्लॉक्सासिन’.

“बघ रे वसंता. ही मना शिकवते. माज्याकडं कागुद हाय.”

पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढून तिनं एक पाकीट काढलं. घड्या पडलेलं, पिवळट. वर कमलचं नाव माझ्या अक्षरात, खाली दोन भाकऱ्या, खाली जांभळा शिक्का. काकीला वाचता येत नव्हतं. लेकीचं नाव लिहिलेला कागद म्हणून तिनं तो जपला होता.

“हा बघ. तूच मारलेला हाय ना?”

सून चहा करायला आत गेली होती. मी म्हणालो, “काकी, हे चुकीचं आहे.”

“काय चुकीचा?”

“हा शिक्का. ही माझी चूक. ह्या गोळ्या दुधाबरोबर घेतल्या की अंगी लागत नाहीत. त्या गुलाबी औषधाबरोबर तर नाहीच. मला कळायला हवं होतं. कळलं तेव्हा मी तुला खोटं सांगितलं, की नवा माल आहे.”

सात वर्षं घोकलेलं बोलणं एवढंसंच निघालं.

काकीनं पाकीट मांडीवर ठेवलं. मग हळूच म्हणाली, “मंग कमलला...”

“हो.”

तिनं बोटानं पाकिटावरचा एक सूर्य चाचपला.

“तिला नको व्हता दूद,” ती म्हणाली. “नको नको म्हनायची. मी नाक दाबून पाजला.”

डॉक्टरांचं ते ‘खात्रीनं म्हणता येणार नाही’ माझ्या जिभेवर आलं होतं. मी बोललो नाही. सात वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलो होतो आणि त्यानं काही भागत नाही हे मला माहीत होतं.

काकीनं दुधाचा पेला बाजूला सारला.

“ऊठ. पानी आन.”

मी पाणी आणलं. तिनं माझ्या हातून पेला घेतला, गोळी तोंडात टाकली, सगळं पाणी प्यायली. पाकिटाची जुन्याच घड्यांवर घडी घातली, पेटीत ठेवली, झाकण लावलं. आतून सुनेच्या बांगड्यांचा आवाज जवळ आला तशी ती माझ्याकडं वाकली.

“तुज्या काकाला सांगू नको,” ती म्हणाली. “तो अजून तुज्याच हातची गोळी घेतो.”